व्यवसायांतर आणि विशेषण : दोन बंगाली आत्मकथने

मनोरंजन व्यापारी आणि बेबी हालदार यांची नावे बंगालबाहेर पोचली ती एकेका विशेषणाला चिकटून. एक 'रिक्षावाले लेखक', दुसऱ्या 'मोलकरीण लेखिका'. विशेषण कौतुकाचे असल्यामुळे त्याकडे संशयाने पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. सायकलरिक्षा चालवणारा माणूस पुस्तक लिहिणार नाही, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करणारी स्त्री लिहिणार नाही, असे एक गृहीतक सुशिक्षित वाचकाच्या मनात आधीपासून वसत असते. हे लेखक ते मोडतात, वाचक चकित होतो आणि त्या चकित होण्यालाच वाङ्मयीन मूल्यमापनाचा दर्जा मिळतो. वस्तुतः ज्या ठोकळेबाज कल्पनेचा भंग झाला म्हणून हर्ष व्यक्त केला जातो, तीच कल्पना विशेषणाच्या रूपाने पुन्हा प्रतिष्ठित झालेली असते. लेखक एरवी कोणत्या वर्गातून यावयाचा, याविषयीचा जुना समज तसाच राहतो. केवळ त्याला एक अपवाद जोडला जातो.

व्यापारी यांचे 'इतिवृत्ते चंडाल जीवन' आणि हालदार यांचे 'आलो-आंधारि' ही दोन आत्मकथने वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही, कारण दोन्ही पुस्तके आपापल्या परीने या विशेषणाशी झगडतात. व्यवसाय बदलणे हा त्यांचा विषय आहे हे खरे. परंतु तो बदल त्यांत विजयाच्या क्षणासारखा येत नाही. एक काम सुटते, दुसरे धरले जाते, तेही सुटते. या अखंड धरसोडीत लेखन हे आणखी एक काम म्हणून येते. त्याची मजुरी सर्वांत अनिश्चित, एवढाच काय तो फरक.

व्यापारी यांचा जन्म १९५० च्या सुमारास पूर्व पाकिस्तानातील बारिसाल भागात, नामशूद्र कुटुंबात झाला. फाळणीनंतरच्या स्थलांतरात हे कुटुंब पश्चिम बंगालमध्ये आले आणि बांकुडा जिल्ह्यातील शिरोमणिपूरच्या निर्वासित छावणीत राहिले. पुढे पोरवयातच घर सोडून चहाच्या टपऱ्यांवर पडेल ते काम, हमाली, गावोगावची भटकंती. नंतर नक्षलवादी चळवळीने ढवळून निघालेले कोलकाता आणि तुरुंग. अक्षरओळख झाली ती तुरुंगात, काडीने जमिनीवर अक्षरे गिरवून. सुटकेनंतर जादवपूर भागात सायकलरिक्षा. त्यानंतर छत्तीसगढ, तेथे शंकर गुहा नियोगी यांच्या कामगार चळवळीशी आलेला संबंध. १९९१ मध्ये नियोगींची हत्या झाली. पुढे पुन्हा कोलकाता आणि मूकबधिर व अंध मुलांच्या शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक्याची नोकरी. हा आलेख चढता नाही, उतरताही नाही. तो सरळ रेषेत जात नाही एवढेच निश्चित म्हणता येते.

या जीवनातील एकच प्रसंग सर्वांच्या तोंडी आहे. रिक्षात बसलेल्या एका प्रौढ, विदुषी दिसणाऱ्या स्त्रीला त्यांनी 'जिजीविषा' या शब्दाचा अर्थ विचारला. विजयगढच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या त्या बाई म्हणजे महाश्वेता देवी. शब्दाचा अर्थ सांगून त्यांनी आपल्या 'वर्तिका' या नियतकालिकासाठी लिहिण्याचे निमंत्रण दिले आणि १९८१ मध्ये व्यापारी यांचा पहिला लेख त्यात प्रसिद्ध झाला. प्रसंग हृद्य आहे, आणि महाश्वेता देवींची गुणग्राहकता वादातीत आहे. श्रमिकांनी व आदिवासींनी स्वतः लिहावे यासाठीच त्यांनी ते नियतकालिक चालवले होते. परंतु या प्रसंगाचे जे कथन रूढ झाले आहे, त्यात तो शोधाची कथा होतो: थोर लेखिकेला रस्त्यावर हिरा सापडला. प्रसंगाच्या पोटातला तर्क नेमका उलटा आहे. 'जिजीविषा' हा बोलीतला शब्द नव्हे. इच्छार्थक संस्कृत रूप आहे ते. रिक्षाच्या अड्ड्यावर तो कानी पडत नाही. तो ज्याला अडला, तो माणूस त्याआधी पुस्तकांच्या पुस्तके वाचत आलेला होता आणि एका शब्दापाशी थांबून त्याचा अर्थ कळल्याशिवाय पुढे न जाण्याइतका चोखंदळ वाचक झालेला होता. शोध लागला असेलच, तर तो रिक्षाचालकाला लागला. आपल्या प्रश्नाचे उत्तर ज्या व्यक्तीकडे असू शकेल, ती त्याने गर्दीतून अचूक हेरली.

पहिल्या लेखाचे शीर्षकही या दृष्टीने बोलके आहे: 'रिक्षा चालाइ', म्हणजे रिक्षा चालवतो. क्रियापद वर्तमानकाळी आहे. 'चालवीत होतो' असे म्हणण्याची मुभा अजून मिळालेली नव्हती, आणि लेख छापून आल्यावरही ती मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा काढावीच लागली. पुढे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सुमारे दोन दशके त्यांनी काढली ती लेखक झाल्यानंतर, लेखक होण्यापूर्वी नव्हे. 'अमुक होता, तमुक झाला' या साच्यात हे जीवन बसवणाऱ्यांनी ही साधी कालगणना नजरेआड केलेली असते.

'इतिवृत्ते चंडाल जीवन' या पुस्तकाचे बळ त्याच्या संबोधनात आहे. प्रारंभीच लेखक वाचकाला सांगतो की आपण त्याला सर्वस्वी अनोळखी नाही. वाचकाने आपल्याला अनेकदा, अनेक ठिकाणी, अनेक कामांत पाहिलेले आहे. मैत्रीचा आव आणणारे हे वाक्य आरोपाच्या सुरातले आहे. वाचकाने पाहिले ते काम. काम करणारा त्याने पाहिला नाही. तेथून पुढे शेकडो पाने हा निवेदक वाचकाला सोडत नाही. तो मध्येच थांबून प्रश्न विचारतो, टोमणे मारतो, आपलीच फजिती सांगून हसतो आणि हसता हसता आवाज चढवतो. चौकात, चार माणसे जमवून सांगितलेल्या हकिकतीची ही लय आहे. तिच्यात संस्कृतप्रचुर शब्द आणि रस्त्यावरची शिवी शेजारी शेजारी येतात, आणि तसे येणे हा केवळ अनघडपणा नाही. तुरुंगात शिकलेल्या अक्षरांनी, हाती पडेल ते पुस्तक वाचून ज्याने भाषा कमावली, त्याच्या दृष्टीने शब्दांची कुळे ठरलेली नसतात. ज्या भद्र बंगाली गद्याने 'जिजीविषा' स्वतःच्या कपाटात ठेवली होती, तिचा उपयोग भुकेविषयी बोलण्यासाठी करणे हे एक वाङ्मयीन कृत्य आहे.

शीर्षकातही हेच घडले आहे. 'इतिवृत्त' हा शब्द इतिहासाच्या, दरबाराच्या, दप्तराच्या परंपरेतला. 'चंडाल' हा शिवीसारखा वापरला गेलेला. १९११ च्या जनगणनेत चंडाल हे नाव जाऊन नामशूद्र हे नाव अधिकृतपणे आले, आणि त्यामागे त्या समाजाची दीर्घ चळवळ होती. तिने दूर सारलेला शब्द व्यापारी शंभर वर्षांनी स्वतःहून पुन्हा उचलतात. मराठी वाचकाला येथे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ची (१९८७) आठवण होईल. समाजाने चिकटवलेले नाव मुखपृष्ठावर छापून ते समाजाच्याच तोंडावर परत करण्याची ही रीत मराठीने आधीच अनुभवलेली आहे. याउलट शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ'चे (१९८१) शीर्षक. तराळाचा मुलगा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोचतो, हे तेथे अनुप्रासातूनच सुचवले जाते. पायथा आणि शिखर अशी दोन टोके त्या शीर्षकात आहेत. खरातांच्या पिढीला तशा शिखराची गरज होती. शिक्षणाने माणूस वर जातो ही श्रद्धा त्या पिढीने प्राणपणाने जपली आणि ती सार्थही करून दाखवली. व्यापारी यांच्यापाशी हे शिखर नाही. शिक्षणाने त्यांना वर नेले नाही, फक्त बोलते केले.

पुस्तकाचे दोषही याच लयीतून येतात. चौकातल्या निवेदकाला थांबावे कोठे हे कळत नाही. अपमानाचे प्रसंग एकामागून एक येतात आणि पुढच्या प्रसंगाने मागच्याची धार बोथट होते. जेथे एखादा हिशेब, एखादे ताट, एखादा रस्ता पुरेसा बोलला असता, तेथे भाषण सुरू होते. छावणीतली उपासमार सांगणारी पाने आणि व्यवस्थेविषयी निष्कर्ष सांगणारी पाने यांत गद्याच्या दर्जाचा जो फरक पडतो, तो जाणवल्यावाचून राहत नाही. हे दोष सहानुभूतीपोटी झाकणे म्हणजे लेखकाला पुन्हा त्या विशेषणाच्या आश्रयाला पाठवणे होय. रिक्षावाल्याने लिहिले आहे म्हणून चालवून घ्या, असे कोणी म्हटले, तर त्याने व्यापारी यांना अद्याप लेखक मानलेले नाही.

मराठीत हा धडा पूर्वी एकदा शिकून झाला आहे. म्हणजे शिकून झाला असावा असे वाटते. नारायण सुर्वे यांना 'कामगार कवी' म्हणण्याची प्रथा पडली. गिरणीत आणि नंतर शाळेत शिपाई म्हणून काम केलेल्या, पुढे प्राथमिक शिक्षक झालेल्या या कवीचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ मध्ये आला. त्याच्या शीर्षकातला ज्ञानदेवकालीन मराठीचा घाट आणि आतील संवादी, नाट्यात्म रचना यांविषयी जेवढे लिहिले जावयास हवे होते, तेवढे लिहिले गेले नाही. कवीचा चरित्रक्रम मात्र शाळकरी मुलांनाही पाठ झाला.

बेबी हालदार यांची कथा वरवर पाहता अधिक सुबक आहे, आणि तोच तिच्यातला धोका. जन्म १९७३ चा. आई घर सोडून गेली, तेव्हा जाताना तिने मुलीच्या हातावर दहा पैशांचे नाणे ठेवले. बाराव्या वर्षी वडिलांनी चौदा वर्षांनी मोठ्या माणसाशी लग्न लावून दिले. वर्षभरात मातृत्व आले. पंचविशीत, तीन मुलांना घेऊन, मारहाण करणाऱ्या नवऱ्याचे घर सोडून त्या रेल्वेने दिल्लीकडे निघाल्या. घरकाम करीत करीत गुडगाव येथे प्रबोध कुमार यांच्या घरी पोचल्या. मानववंशशास्त्राचे हे निवृत्त प्राध्यापक म्हणजे प्रेमचंदांचे नातू. पुस्तकांच्या कपाटावरची धूळ झटकताना बेबींचा हात बंगाली पुस्तकांपाशी रेंगाळतो, हे त्यांच्या ध्यानात आले. तसलिमा नासरीन यांचे 'आमार मेयेबेला' त्यांनी वाचावयास दिले आणि नंतर वही व पेन देऊन स्वतःविषयी लिहिण्यास सांगितले. दिवसभराचे काम आटोपल्यावर, मुले निजल्यावर वही भरत गेली.

येथेही मध्यस्थ सत्पात्र आहे, आणि येथेही कथन त्याच्याकडे झुकते. या झुकण्याचा एक पुरावा शालेय पाठ्यपुस्तकातच सापडतो. 'आलो-आंधारि'मधला जो भाग राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या 'वितान' या हिंदी पूरक पुस्तकात समाविष्ट झाला, तो नवऱ्याचे घर सुटल्यानंतरचा आहे. भाड्याची खोली, कामाचा शोध, मग 'तातुश'चे घर आणि लेखन असा त्याचा क्रम. देशभरातल्या विद्यार्थ्यांनी वाचला तो हा भाग. निवड करणाऱ्यांच्या अडचणी समजण्यासारख्या आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे वैवाहिक जीवन वर्गात शिकवणे सोपे नाही. परंतु परिणाम असा होतो की अंधार वगळला जातो आणि उजेड तेवढा उरतो. पुस्तकाच्या शीर्षकात दोन्ही आहेत. किंबहुना बंगाली शीर्षकात उजेड आणि अंधार एकमेकांत मिसळलेली ती वेळ आहे, जी पहाट की संध्याकाळ हे सांगता येत नाही. उर्वशी बुटालिया यांच्या इंग्रजी अनुवादाला (२००६) 'अ लाइफ लेस ऑर्डिनरी' हे नाव मिळाले, म्हणजे चारचौघांसारखे नसलेले आयुष्य. अनुवाद नितळ आहे. शीर्षकाने मात्र मूळ पुस्तकाचा अर्थ फिरवला. बेबी हालदार ज्या आयुष्याविषयी लिहितात ते चारचौघींसारखेच आहे. त्यांच्या आईचे, बहिणीचे, वस्तीतल्या शेजारणींचे तेच आहे. ते तसे नसते तर पुस्तकाला काही अर्थच राहिला नसता.

बेबींच्या गद्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. ते व्यापारी यांच्या गद्याच्या अगदी विरुद्ध प्रकृतीचे आहे. वाक्ये आखूड, विशेषणे विरळ, निष्कर्ष जवळजवळ नाहीतच. मार बसतो, त्याच्या पुढच्या वाक्यात चूल पेटते. दहा पैशांच्या नाण्यावर भाष्य नाही. ते हातावर ठेवले गेले, एवढेच. आणि मधूनच निवेदन प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात सरकते. 'मी' सांगता सांगता 'बेबी' होते. लेखिका स्वतःकडे शेजारच्या घरातल्या एखाद्या पोरीकडे पाहावे तसे पाहू लागते. ज्यांना हा व्याकरणाचा गोंधळ वाटतो, त्यांनी तो कोठे कोठे होतो हे पाहावे. दुःख असह्य होते किंवा त्या मुलीची कीव येते, तेथे हे सरकणे होते. मोठी झालेली लेखिका आपल्याच बालपणाची पालक होते आणि तिला नावाने हाक मारते. तालमीने येणारी ही युक्ती नव्हे, परंतु तिचा वाङ्मयीन परिणाम नाकारता येत नाही.

योगायोगाने मराठीतही एक बेबी आहेत. फलटणच्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. छोटेसे दुकान चालवता चालवता, नवऱ्याच्या नजरेस पडू नये अशा बेताने त्यांनी हे लिहिले आणि वर्षानुवर्षे लपवून ठेवले. त्यांच्याजवळ वही देणारा कोणी नव्हता. बाबासाहेबांची चळवळ होती. म्हणूनच त्यांचा 'मी' सहजपणे 'आम्ही' होतो. हालदार यांच्यामागे चळवळ नाही, वस्ती नाही, जातीचे नावही पुस्तकात ठळक नाही. त्यांचा 'मी' एकाकी आहे आणि म्हणून तो स्वतःलाच 'ती' म्हणतो. दोन स्त्रियांच्या सर्वनामांतला हा फरक दोन समाजांच्या इतिहासातला फरक आहे. महाराष्ट्रात 'बलुतं' (१९७८) पासून आत्मकथनाची वाट रुळली होती. बंगालमध्ये जात हा प्रश्नच नाही, असे सुशिक्षित वर्ग बराच काळ मानत आला. २००७ मध्ये व्यापारी यांचा, बंगालीत दलित लेखन आहे का असा प्रश्न विचारणारा लेख मीनाक्षी मुखर्जी यांच्या अनुवादाने इंग्रजी साप्ताहिकात आला, तेव्हा कोठे बाहेरच्या जगात त्याची चर्चा झाली. बेबी हालदार यांचे पुस्तक तर आधी हिंदीत (२००२) निघाले, प्रबोध कुमार यांनी केलेल्या अनुवादातून; मूळ बंगाली त्यानंतर, २००४ मध्ये. मुळाआधी अनुवाद छापला जाणे ही वाङ्मयेतिहासातली विरळा घटना असेल. या दोन्ही लेखकांना आपल्या भाषेच्या दारात शिरण्यासाठी शेजारच्या घरातून वळसा घ्यावा लागला, याची नोंद बंगाली समीक्षेनेही घ्यावयास हवी.

पुढे मान्यता आली. व्यापारी यांना २०१४ मध्ये पश्चिमबंग बांगला अकादमीचा पुरस्कार मिळाला. सिप्रा मुखर्जी यांनी केलेल्या आत्मकथनाच्या इंग्रजी अनुवादाला 'द हिंदू'चा २०१८ सालचा पुरस्कार लाभला. २०२१ मध्ये ते हुगळी जिल्ह्यातील बलागढ मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. आणखी एक व्यवसायांतर. वृत्तपत्रांनी मथळे दिले ते 'रिक्षावाला आमदार' अशा थाटाचे. चाळीस वर्षांचे लेखन आणि वीसएक पुस्तके मध्ये येऊनही विशेषण हलले नाही.

'आलो-आंधारि'च्या अखेरच्या पानांत एक टपाल येते. पाकिटात एक नियतकालिक, त्यात स्वतःचे लेखन आणि नाव छापलेले. बेबी ते घेऊन मुलांकडे धावतात, मुलांना वाचावयास लावतात. सगळे हसतात. मग एकदम काही आठवते, त्या स्वतःलाच वेडी म्हणतात, धावत खाली येतात आणि तातुशच्या पाया पडतात. पाठ्यपुस्तकातून हा प्रसंग कृतज्ञतेचा म्हणून शिकवला जातो, आणि कृतज्ञता त्यात आहेच. पण आधीची काही क्षणांची विस्मृतीही त्यातच आहे. छापलेले नाव पाहताच लेखिका प्रथम मालकाकडे गेली नाही, आपल्या मुलांकडे गेली. आणि ही गोष्ट तिने, चूक म्हणून का होईना, लिहून ठेवली. पुस्तक गाजल्यानंतरही त्या त्याच घरात काम करीत राहिल्या. त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव आहे 'ईषत् रूपांतर'.